चाकाखालचं लिंबू

फार वर्षांपूर्वीचा दसरा, सकाळचे सव्वानऊ. काटदऱ्यांच्या अंगणात तीन पिढ्यांची मोटार पूजा होऊन उभी होती. शेजारच्या मंजुळाबाई धावत आल्या.

"अच्युतराव, यांच्या छातीत दुखतंय. गाडी काढता?"

"वहिनी, दुपारी प्रदर्शनाला न्यायचीय, आत्ताच पॉलिश केलंय. रिक्षा बघा ना!"

त्या वळल्या, तसं चाकाखालचं लिंबू म्हणालं, "मोटारबाई, अच्युतरावांच्या आजोबांनी तुला शोभेला घेतलं होतं?"

"नाही रे. गल्लीतल्या बाळंतिणी, आजारी माणसं मीच पोचवली."

"मग मी अजून अख्खं कसं?"

मोटारीला झेंडूचा हार जड झाला.

रिक्षा पाऊण तासाने मिळाली. मंजुळाबाईंचे यजमान वाटेतच गेले. मोटारीच्या टाकीत पेट्रोल होतं, किल्ली खिळ्याला होती. चाकाखालचं लिंबू अजून अख्खं होतं.