कल्हई नसलेला डोंगर

एकदा एक व्यापारी असा संकल्प करून बसला, की आईच्या वर्षश्राद्धाला तिच्या माहेरच्या वाडीत पाणी आणायचे. वाडी डोंगराच्या पायथ्याशी होती. उन्हाळा लागला की तिथल्या बायका ओढ्याच्या वाळूत झरा उकरत आणि वाटीवाटीने हंडा भरत. पाणी शोधून द्यावे म्हणून व्यापाऱ्याने एका वृद्ध भूमिपरीक्षकाला निरोप धाडला. वृद्धाने शिष्याला पुढे पाठवले. “तू पाहा आणि तूच सांग,” एवढेच तो म्हणाला.

शिष्याने डोंगर पालथा घातला. वर एक तांब्याची खाण होती, कित्येक पिढ्यांपूर्वी सोडून दिलेली. तोंडाशी फोडलेल्या दगडांचे ढीग पडले होते आणि त्यांवर गवताची काडीही उगवलेली नव्हती. पलिता उंच धरून तो आत शिरला आणि पाहतच राहिला. काळ्या कातळातून पांढऱ्या गारगोटीची एक शीर गेली होती. तिच्या कडेने हिरवे डाग होते, मध्ये सोन्यासारखे लकाकणारे सुवर्णमाक्षिक होते आणि छताच्या भेगांमध्ये मोरचुदाचे निळे खडे फुलले होते. खालच्या दालनात पाणी साचले होते. ते किंचित निळसर होते, पण इतके नितळ, की तळाशी पडलेली खाणकऱ्यांची टोपली विणीसकट दिसत होती.

त्याने बोट बुडवून एक थेंब चाखला. पाणी जरा तुरट लागले. मग त्याला आठवले, की त्याची आजी रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवी आणि सकाळी सगळ्यांना तेच प्यायला देई. हा तर निसर्गानेच भरून ठेवलेला हंडा आहे, असे त्याला वाटले.

व्यापाऱ्याला त्याने तेच सांगितले. व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. लगेच खाणीपासून वाडीच्या टाक्यापर्यंत पाट खोदायला माणसे लागली. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी वृद्ध येऊन पोहोचला, तेव्हा पाटाच्या तोंडाशी फक्त मातीचा एक बांध फोडायचा राहिला होता.

वृद्धाने सगळे पाहिले, पण पाण्याला तोंड लावले नाही. त्याने एवढेच विचारले, “बेडूक दिसला का रे?”

“नाही गुरुजी. शेवाळदेखील नाही. इतकं स्वच्छ आहे.”

“आणि टोपली?”

“जशीच्या तशी. कुजलेली नाही.”

वृद्धाने मान हलवली. मग कमरेचा सुरा काढला, त्याच्या मुठीला दोरी बांधली, पाते बांधाआडच्या पाण्यात सोडले आणि तो वाडीत जाऊन निजला. शिष्य बुचकळ्यात पडला.

सकाळी सगळी वाडी बांधापाशी जमली. वृद्धाने दोरी ओढली. सुऱ्याचे पाते लालसर झाले होते, नव्या ताटासारखे झळकत होते.

“लोखंडाचं तांबं!” व्यापारी पुढे सरसावला. “महाराज, हे पाणी आहे की परीस?”

वृद्धाने अंगठ्याने पाते चोळले. तांब्याचा पापुद्रा सुटून हातात आला. खालचे लोखंड जागोजागी खाल्लेले होते आणि धार पार गेली होती.

“शेठजी, पाण्यानं तांबं दिलं, पण त्याच्या बदल्यात लोखंड नेलं,” तो म्हणाला. मग गर्दीत उभ्या असलेल्या बयजाबाईकडे वळला. ती तिथली सगळ्यांत म्हातारी बाई होती. “बयजाबाई, तांब्याच्या भांड्यात ताक ठेवता का?”

“कल्हई नसली तर कशाला ठेवीन?” ती म्हणाली. “कळकतं की. एकदा धाकट्या सुनेनं ठेवलं होतं. घर सारं रात्रभर परसात.”

लोक हसले. शिष्य मात्र हसला नाही. तो पात्याकडे पाहत होता.

वृद्ध त्याला म्हणाला, “तुझ्या आजीचं म्हणणं खरंच होतं. पण ती त्या भांड्यात साधं पाणी ठेवी, आंबट नव्हे. हे सुवर्णमाक्षिक जमिनीच्या पोटात होतं तोवर वरच्या कातळामुळं त्याला वारा लागत नव्हता. तो कातळ हीच या डोंगराची कल्हई. माणसानं खाण खणली, तेव्हा ती खरवडून काढली. वारा आणि पाणी लागून तो दगड आंबतो, आणि आंबलेलं पाणी तांब्याला खातं. खाणकरी गेले, पण त्यांनी सुरू केलेलं काम आत अजून चालू आहे. टोपली कुजली नाही, कारण कुजवणारा जीवही तिथं तगत नाही.”

“तरीच बांधाशी झिरपलेल्या पाण्याला माझ्या शेळ्या तोंड लावीनात,” बयजाबाई म्हणाली. “मी म्हटलं, शेठजींचं पाणी म्हणून लाजतात की काय.”

व्यापारी खाली बसला. “आईच्या नावानं मी हे पाजणार होतो,” तो पुटपुटला.

“तुम्ही नाही, मी,” शिष्य म्हणाला. त्याने फावडे उचलले. बांध फोडायला आणलेल्या त्याच फावड्याने तो बांधावर माती ओढू लागला. थोड्या वेळाने व्यापारीही उठला आणि घमेले घेऊन त्याच्या जोडीला लागला.

त्या दिवशी वाडीने ओढ्यातल्या झऱ्याचेच पाणी प्यायले, लुगड्याच्या पदरातून गाळून. वर्षश्राद्धाचा स्वयंपाकही त्यावरच झाला. पुढे व्यापाऱ्याने तोच झरा खोल खणून बांधून काढला.

खरी गोष्टसुद्धा जिथे शिकलो तिथून दुसरीकडे नेताना पुन्हा तपासून पाहावी लागते, हे शिष्याला कुणी वेगळे सांगितले नाही. झरा बांधून झाला, तेव्हा पहिली ओंजळ भरायचा मान त्याला मिळाला. पाणी अजून गढूळ होते. तो काठाशी वाकून थांबला. दगडाआडून एका बेडकाने पाण्यात उडी टाकली, आणि मगच त्याने ओंजळ तोंडाला लावली.