पालखीतून पाहिलेला डोंगर

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

त्या राज्यात एक रीत होती. राज्याभिषेक होईपर्यंत युवराजाच्या पायाला माती लागू द्यायची नाही. महालात तो गालिच्यावरून चालायचा, महालाबाहेर पालखीतून जायचा. काय ते कौतुक! वीस वर्षांचा घोडा झाला, पण पायात कधी काटा मोडला नव्हता.

हुशार मात्र होता हं. राज्यातली कुठली वाट किती कोसांची, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. आणि मायाळूही होता. त्याची आई तो तान्हा असताना गेली, तेव्हा गोजाआई नावाच्या दाईनं त्याला कडेवर वाढवलं. आता ती म्हातारी होऊन डोंगराखालच्या आपल्या गावी राहत होती.

एका वर्षी त्या गावाहून निरोप आला, की वरच्या तलावाचा बांध पाझरतोय. युवराज तडक निघाला. सकाळी पोचला, तेव्हा बांधावरचा पाथरवट म्हणाला, "दिवसभर टिकला तर नशीब, महाराज."

गाव डोंगरावर न्यायचं, एवढंच काम होतं. वाटा दोन. एक उभी, दीड कोसाची. दुसरी वळणावळणाची, तीन कोसांची. युवराजानं पालखीतून मान वर करून डोंगर पाहिला.

"उभी वाट धरा. अर्धं अंतर, अर्धा वेळ."

पालखीच्या पुढच्या दांडीला राणोजी भोई होता. मागच्या भोयांना वाट दिसत नाही, म्हणून पुढचा ओरडून सांगतो, "खड्डा हाय! निसरडं हाय!" युवराज लहानपणापासून त्या हाका ऐकत पालखीत झोपी जायचा.

राणोजीनं हात जोडले. "सरकार, वळणाची वाट घ्या. लांब हाय, पण माणूस चालत राहतो. उभ्या वाटेला पाठीवर म्हातारं माणूस घेतलं, की शंभर पावलांत मांड्या भरून येतात. एक बसला, की त्याच्या मागचे समदे थांबतात."

"डोंगर समोर दिसतोय, राणोजी. एवढा काही उभा नाही."

"पालखीतून नाही दिसायचा. खाली उतरा, हे धान्याचं पोतं पाठीवर घ्या, अन् मग बघा."

युवराजानं एक पाय बाहेर काढला. खरंच काढला होता हो! पण शेजारचे प्रधानजी खाकरले. "रीत, युवराज." पाय आत गेला.

गाव उभ्या वाटेला लागलं. भोई आलटून पालटून खांदा देत होते, त्यामुळे दुपारी युवराज माथ्यावर पोचला. पोचणारच, दुसऱ्यांच्या पायांनी गेला होता ना! वरून पाहतो, तर रांग अर्ध्या वाटेत अडलेली. म्हातारी माणसं पाठीवर, पोरं कडेवर, आणि माणसं जागच्या जागी बसलेली.

"थांबले का हे?" त्यानं विचारलं. राणोजीला धाप लागली होती. त्यानं नुसतं खाली बोट दाखवलं.

रांगेच्या शेवटी गोजाआई होती. तिला पाठीवर घेतलेला भाचा कोसळला होता. ते दिसलं, तशी युवराजानं पालखीतून उडी टाकली आणि धडपडत, ठेचकाळत तो खाली धावला. राणोजी त्याच्या मागे धावला.

युवराजानं गोजाआईला पाठीवर घेतलं. दहा पावलं टाकली. वीस टाकली. मांड्या भरून आल्या. त्यानं वर पाहिलं. डोंगर भिंतीसारखा उभा होता.

"आई, हा एवढा उंच कधी झाला?"

"तेवढाच होता रे बाळा," गोजाआई म्हणाली. "मला ठेव आता. तू जा."

"नाही ठेवणार!"

तेवढ्यात, ऊन कलता कलता, बांध फुटला आणि पाण्याचा लोंढा अंगावर आला. राणोजीनं युवराजाचा दंड धरून त्याला वर ओढलं. खांद्यावरचा म्हातारा हात सुटला, तो सुटलाच. गोजाआई गेली. तिच्यासोबत रांगेच्या खालच्या टोकाची चाळीस माणसं गेली.

पुढं युवराज राजा झाला. ती रीत त्यानं मोडली. दरबाराच्या दारात धान्याचं एक पोतं ठेवलं. वाटेबद्दल, ओझ्याबद्दल सल्ला द्यायचा असेल, तर आधी ते पाठीवर घेऊन तो डोंगर चढून यायचं. प्रधानजींनी त्यानंतर कधी सल्ला दिला नाही.

राजा स्वतः दरवर्षी त्या दिवशी पोतं पाठीवर घ्यायचा आणि सकाळी गावातून निघून वळणाची वाट चढायचा. थकायचा, पण थांबावं लागायचं नाही. माथ्यावर पोचायचा, तेव्हा दुपार व्हायची असायची. त्या वर्षी ज्या वेळी बांध फुटला, ती वेळ व्हायला अजून कितीतरी अवकाश असायचा. मग तो तिथंच बसून रडायचा.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि थोरांनो, जो भार अंगानं कधी पेलला नाही, त्याचा निवाडा नुसत्या डोक्यानं करू नये.