अंधाराचं चॅनेल

“चोवीस दिवे, चोवीस चॅनेल. आता काय राहिलंय, चाचा?”

मृण्मयीने यादी पुढे केली. पुण्याहून प्रकाशयोजनेचा कोर्स करून आलेली पोर. नाक जरा वरच होतं. संध्याकाळी स्पर्धेचा प्रयोग. लाइटच्या बोर्डावर आज तरी बसायचंच, हा तिचा हट्ट. पण गफूरचाचा चाळीस वर्षं मिरजेतल्या नाटकांना उजेड देत आलेले. ते सहजासहजी खुर्ची सोडतायत थोडेच!

चाचांनी यादी वाचली. परत वाचली.

“अंधार कुठल्या चॅनेलवर लावलास?”

तिला हसूच आलं. “अंधाराला कशाला चॅनेल? सगळे फेडर खाली ओढले की झाला अंधार.”

“बरं... त्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहा.”

स्टेजवर उंच चौथरा होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नाटकातल्या नटी सरलाताई तिथे उभ्या असतात आणि अंधार झाला की पाच पायऱ्या उतरून विंगेत जातात. वय वर्षं एकोणसत्तर.

मृण्मयी चढली. चाचांनी बोर्डावरच्या फेडरच्या सरकत्या दांड्या खाली ओढल्या. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार.

“उतर.”

पहिली पायरी सापडली. दुसरी... तिसरीला पाय हुकला आणि बाईसाहेब धपकन खाली! कोपर सोलवटलं. लाज वाटली, रागही आला. मग सरलाताई आठवल्या. त्याही याच अंधारात उतरणार होत्या!

चाचांनी दिवे लावले. “घरी जातेस?”

“नाही.”

मागच्या पडद्यावरची तांबूस संध्याकाळ तिची फार लाडकी. तोच दिवा तिने यादीतून खोडला. त्या चॅनेलवर एक बारका दिवा घेतला, त्याला दुहेरी निळा कागद लावला आणि तो पायऱ्यांच्या कडेला, फक्त त्यांच्यावरच उजेड पडेल असा बसवला. पहिल्या रांगेत जाऊन पाहिलं. अजून दिसतोय. परत वाकवला. दिसतोय! तिसऱ्यांदा वाकवला, तेव्हा कुठे दिसेनासा झाला.

चाचा चौथऱ्यावर चढले. एकेक पायरी चढताना गुडघा धरत होते.

“अंधार कर.”

“चाचा, तुम्ही नका ना...”

“कर म्हणतो ना!”

तिने बोर्डावर तेवीस फेडर खाली ओढले. निळ्या दिव्याचा तेवढा तसाच ठेवला. कान पायऱ्यांकडे लावले.

चपला वाजल्या. एक... दोन... तीन... चार... पाच.

विंगेतून आवाज आला, “हां... आता झाला अंधार.”