आव्यातले आपले एक भांडे

पूर्वी पद्मावती नगरात राजा अरिंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कुंभाराच्या कुळात जन्म घेतला होता. श्रेष्ठी सोमिलाच्या कुंभारशाळेचा तो प्रमुख होता. तिथे एक जुनी रीत होती. आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, रचताना चिखल तुडवणाऱ्यापासून लाकडे वाहणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने स्वतः घडवलेले एक भांडे आत ठेवायचे आणि भाजून निघाले की घरी न्यायचे.

ही वाया जाणारी जागा सोमिलाच्या डोळ्यांत खुपू लागली. "तिथे माझे रांजण मावतील," म्हणत त्याने ती रीत मोडली.

त्याच उन्हाळ्यात वाळवंटाच्या वाटेवर माणसे पाण्यावाचून मरू लागली. राजाने पाणपोयांसाठी रांजण मागवले. आवा पेटला आणि वारा सुटला. वरच्या मातीच्या लेपाला तडा गेला, गार वारा आत शिरला आणि सगळे रांजण फुटले. चिखल तुडवणारी नंदिला तेव्हा तिथूनच गेली होती.

"तडा दिसला नाही का गं तुला?" बोधिसत्त्वाने विचारले.

"दिसला की. पण लिंपणं भट्टीवाल्याचं काम. अन् त्या आव्यात माझं होतंच काय?"

फुटलेल्या रांजणांपेक्षा हे उत्तर बोधिसत्त्वाच्या जिव्हारी लागले. रागवावे असे त्यात काही नव्हते, कारण बाई खरेच बोलत होती. तो तडक सोमिलाकडे गेला.

"रीत पुन्हा सुरू करा."

"आणि याही खेपेला फुटले तर?"

"तर माझं चाक इथंच ठेवून मी नगर सोडीन."

बायकोने विनवले, सोबत्यांनी समजावले. तो ढळला नाही. सोमिल राजी झाला आणि पुन्हा आवा रचला गेला. प्रत्येकाचे वेडेवाकडे भांडे रांजणांच्या मध्ये बसले. दुपारी वारा उठला आणि लेप तडकला. कोणी हाक मारायच्या आधीच नंदिला पदर खोचून धावली आणि ओल्या चिखलाचे गोळे थापू लागली. तिच्यामागे लाकडे वाहणारे आले, पाणी भरणारे आले. हात पोळले तरी कोणी मागे सरले नाही.

आवा उघडला, तेव्हा नंदिलाने आधी राजाचा रांजण बोटांनी वाजवून पाहिला. तो खणखणीत वाजला. मग तिने आपले मडके शोधले. त्याची खापरे झाली होती.

"तुझं तर फुटलं," सोमिल म्हणाला.

"दुसरं घडवीन, मालक. आपला आवा वाचला ना!"

सोमिलाने मान खाली घातली. त्याने ती रीत पुन्हा कधी मोडली नाही.

ही कथा सांगून भिक्खूंचे गुरू शास्ते समोर बसलेल्यांकडे पाहत म्हणाले, "विहाराची कामे वाटताना कोणाला विचारेनासा झालेला हा भिक्खू त्या जन्मी सोमिल होता. न सांगता आजाऱ्यांच्या उशाशी बसणारी ही भिक्खुणी नंदिला होती. कुंभारांचा प्रमुख मीच होतो." दुसऱ्यांच्या वाट्यासाठी आपले घरदार पणाला लावूनही जो निश्चयापासून ढळला नाही, त्याची ही अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता, होय.