सत्तेचाळीस नावं

“बाबा, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा. आणि जरा लवकर सांगा.”

आता घ्या! सल्ला मागायला यायचं आणि वर सांगणाऱ्यालाच घाई करायची. पण शांतवन साळवे म्हणजे तसाच. चर्चच्या मंडळीचा चिटणीस हाच, रविवारी मुलांची शब्बाथशाळा चालवणार हाच, भजनाला पेटी वाजवणारही हाच. नाव शांतवन, पण जिवाला क्षणाचा थारा नाही. शनिवारी भर दुपारी तो पारधेबाबांच्या ओसरीवर येऊन टेकला, तेव्हा शर्ट घामानं चिंब झाला होता.

पारधेबाबा हे निवृत्त पाळक, म्हणजे मंडळीचे जुने धर्मगुरू. चर्चमागच्या दोन खोल्यांत नवराबायको राहत. शांतवन लहानपणी पवित्र शास्त्र शिकला तो यांच्याच पायाशी बसून. बाबा मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय झालं?”

“शारोन नाही म्हणते.”

शारोन ही त्याची एकुलती एक लेक. दुसऱ्या दिवशी बिशपसाहेब यायचे होते, अकरा मुलांच्या दृढीकरणाला. मंडळीसमोर उभं राहायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं, की आईबापांचा हा विश्वास आजपासून माझा. यादीत पहिलं नाव शारोनचं.

“पाठ झालं नाही?”

“झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणेल! पण म्हणते, खोटं बोलायला मी उभी राहणार नाही. परवा ती नर्सिंगला चाललीय, बाबा. लांब, होस्टेलवर. तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. पोरगी हातची गेली तर काय करू मी?”

“खोटं का म्हणते?”

शांतवन घुटमळला.

“म्हणते… पप्पा, तुमचा देव मला ओळखत नाही.”

बाबांचे हात थांबले.

“मग तू काय म्हणालास?”

“बायबलमधली वचनं काढून दाखवली! देवाला आपला केस न् केस ठाऊक असतो, हे दाखवलं. चांगली पाच वचनं दाखवली.”

“मग?”

“उठून गेली.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मांडववाला होता. खुर्च्या दीडशे, हो, पुढच्या रांगेला कव्हरं, हो हो, हा निघालोच. फोन खिशात टाकून शांतवन उभा राहिला.

“तुम्ही चला, बाबा. तुमचं ऐकेल ती. पाचच मिनिटं.”

“आधी जेवू.”

“बाबा, जेवायला वेळ कुणाला…”

“बस म्हणतो ना.”

पाळकीणबाईंनी ताटं आणली. झुणका, फोडलेला कांदा आणि तव्यावरून उतरलेली बाजरीची भाकरी. भाकरीतून वाफ निघत होती. बाईही शेजारी टेकल्या.

“प्रार्थना कर,” बाबा म्हणाले. “घरी करतोस तशी. त्यात कमी नको, जास्त नको.”

प्रार्थना म्हटल्यावर शांतवनाला जरा हुशारी आली. हे त्याचं हक्काचं काम. त्यानं वरच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. मंडळीतलं कोण आजारी, कोण अडचणीत, सगळं त्यात टिपलेलं. शांतवनभाऊंच्या यादीत नाव लागलं की माणूस निम्मा बरा होतो, असं बायका म्हणत. रोज संध्याकाळी घरी जेवणाआधी तो ही यादी देवापुढं वाचायचा. एक नाव गाळत नसे.

बाबांनी डोळे मिटले. बाईंनी मिटले. शांतवनाचे कागदावर.

थोमासकाकांचा गुडघा झाला. सुलभाबाईंचा मोतीबिंदू झाला. वेरोनिकाच्या सुनेचं बाळंतपण, अनुग्रहच्या धाकट्याची नोकरी, चर्चचे गळके पत्रे. परदेशातले मिशनरी. बिशपसाहेबांचा प्रवास सुखाचा होवो, त्यांच्या ड्रायव्हरला जागं ठेव…

भाकरीची वाफ केव्हाच थांबली होती. बाईंनी एक डोळा किलकिला करून ताटाकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडून पुन्हा मिटला.

“…आमेन.”

बाई आमेन म्हणाल्या. बाबांचे हात तसेच जोडलेले.

“पुढं?” ते म्हणाले.

“झाली, बाबा. सत्तेचाळीस नावं आहेत.”

“मोजून दे म्हटलं नाही. पुढं?”

शांतवनाला कळेना. त्यानं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. उलटून पाहिला. पुन्हा वरून सुरुवात केली, या वेळी एकेका नावावर बोट ठेवून. ड्रायव्हरपाशी बोट अडलं.

ड्रायव्हरसुद्धा होता, पण शारोन नव्हती.

“समोरच बसते ती… मी वाचायला लागलो की डोळे उघडून माझ्याकडं बघत बसायची. शेवटपर्यंत. मला वाटायचं, भूक लागली असेल.”

त्यानं कागद मांडीवर ठेवला.

“एकदा तर खेकसलो मी तिच्यावर. प्रार्थनेत डोळे मिटायची रीत नाही का म्हणून… देवा रे! बाबा, पोरगी रोज वाट बघत होती हो!”

तो हुंदके देऊन रडला. पाळकीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, घाईघाईनं पेन काढलं आणि कागद गुडघ्यावर पसरला.

“आत्ता लिहितो. सगळ्यांच्या वर.”

बाबांनी कागदावर हात ठेवला.

“नको.”

“का? अहो, आजपासून रोज पहिलं नाव…”

“यादीत नको.”

त्यांनी कागद त्याच्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला. फोन पुन्हा वाजायला लागला. बाबांनी तोही मागून घेतला आणि बाईंच्या हातात दिला.

“खुर्च्या मोजून घ्या हो तेवढ्या.”

शांतवन रिकाम्या हातांकडं बघत राहिला. कागद नाही, फोन नाही. असा मोकळा तो कित्येक वर्षांत बसला नव्हता, आणि त्याला भयंकर भीती वाटली.

“आणि ती सत्तेचाळीस माणसं?”

“माझ्याकडं राहू देत.”

“मी तिला काय सांगू, बाबा? कोणतं वचन दाखवू?”

बाबांनी गार भाकरीचा तुकडा मोडला आणि चावत राहिले. चामडं झालं होतं तिचं, वेळ लागत होता.

“उद्या ती उभीच राहिली नाही तर? बिशपसाहेबांना काय सांगू? बाबा, बोला ना काहीतरी!”

बाबांनी घास गिळला. पाण्याचा घोट घेतला. मग पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

“शांतवन… सकाळपासून ती जेवलीय का?”