एकही चूक नाही

अबे थांब, जाऊ नको, आत्ता काय झालं ते तर ऐक!

"मग क्लास मलाच ना, सर?" शार्दुलनं विचारलं.

खानझोडे सर प्रतापनगरात, घरीच स्पोकन इंग्लिश शिकवतात. आता थकले. क्लास कोणाच्या तरी हाती द्यायचा होता. आणि शार्दुल म्हणजे क्लासचा टॉपचा पोट्टा. त्याला स्वतःला ते जरा जास्तच माहीत.

"एक परीक्षा राहिली," सर म्हणाले. "प्रेझेंट कंटिन्युअस."

"बस? हे तर नवे पोट्टेपण करतात, सर!"

सर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांची पद्धतच तशी. समोर जे घडून राहिलं ते बोलत जायचं. अडला की बाद. सर पाहत नाहीत, वाक्य बरोबर असलं की नुसतं "हं" म्हणतात.

शार्दुल सुटला. "द फॅन इज टर्निंग. यू आर फेसिंग द वॉल."

"हं."

आतून काकू, सरांच्या मिसेस, आल्या.

"काकू इज ब्रिंगिंग टी."

"हं."

काकूंना दमा आहे ना... ट्रे टेकवला अन् ढासच लागली.

"शी इज कफिंग."

"हं."

"शी इज सर्चिंग फॉर हर पंप."

दम्याचा पंप शार्दुलच्या मागे, खिडकीत. त्याला दिसला बे!

"इट इज लाइंग बिहाइंड मी."

"हं."

"शी इज लुकिंग अ‍ॅट मी..."

काकू भिंत धरत आल्या. त्याच्या खांद्यावरून हात घातला. पंप घेतला, ओढला. परत ओढला.

"नाऊ... शी इज ब्रीदिंग."

"हं."

काकू आत गेल्या. "शी इज गोइंग इन," शार्दुल म्हणाला.

"पुरे," म्हणून सर वळले. ट्रे पाहिला, आतल्या दाराकडे पाहिलं. उठले, खुंटीवरची क्लासच्या खोलीची किल्ली काढली अन् त्याच्या पुढ्यात ठेवली.

शार्दुलचा हात काही पुढे होईना.

"सर, तुम्हीच तर सांगता, मधात थांबायचं नाही..."

"हो. मीच."

"मग तुम्ही काहून नाही उठले?" आवाज चढलाच त्याचा. "तुम्हालाही ऐकू येतच होतं ना सगळं!"

"मी चुका ऐकून राहिलो होतो रे," सर म्हणाले. "एकही नव्हती."

किल्ली अजून तिथंच पडून आहे. तू उचलली असती का बे?