आवडीच्या खिडकीतला दिवा

आता ऐका, आणि मध्ये मध्ये चुळबुळ नको! समुद्रकाठी केवड्याच्या बनात आवडी नावाची चिमुकली पोर एकटीच राहायची. तिला आई नव्हती. बा होडी घेऊन गेला, तो वादळानंतर परत आलाच नाही. झोपडीही त्याच वादळात उडाली. आवडी एका पालथ्या होडीखाली निजायची आणि शिंपल्यांशी गप्पा मारायची. दुसरं होतं कोण बिचारीला?

एक दिवस फाटक्या जाळ्यात तिला इवलीशी परी अडकलेली दिसली. जांभळे पंख, पायांत शंखांचे पैंजण! आवडीने एकेक धागा हळूच सोडवला.

"काय हवं गं तुला, बाळे?" परीने विचारलं.

"घर, परीताई. बा आला तर जाणार कुठे?"

"तीन वर देते. पण इथे आधीपासून राहणाऱ्या कुणालाही त्रास झाला, तर घराची वाळू होईल हं!"

आवडी वाळूवर रेघा मारत बसली. खेकड्यांची बिळं बुजू नयेत म्हणून तिने आधी घराला खांबांवर उचललेली जमीन मागितली. मग मागितलं केवड्यामागे दडणारं बुटकं छप्पर, उंडीच्या झाडाला वळसा घालणाऱ्या भिंतींसकट. झुळ्ळकन सोनेरी घरकुल उभं राहिलं! तिसरा वर मात्र तिने जपून ठेवला होता. समुद्राकडच्या खिडकीत न विझणारा दिवा, कोळणी तिन्हीसांजेला लावतात तसा.

एव्हाना अंधार पडला होता. ती तोंड उघडणार, तोच वाळू हलली. कासवाची पिल्लं! उजेड दिसेल तिकडे ती धावतात, बाने सांगितलं होतं. दिवा लावला तर समुद्र सोडून घराकडे येतील आणि वाळूतच मरतील.

आवडीला रडूच कोसळलं. "मग बाला मी कशी सापडू?" पण डोळे पुसून ती म्हणाली, "परीताई, खिडकीला घट्ट झडप दे. उजेड बाहेर जायला नको."

"शहाणी गं माझी बाय ती!" परीने तिचा गालगुच्चा घेतला. मग ती भुर्रकन लाटांवर उडाली आणि तिथे लख्ख उजेड होऊन विरून गेली. पिल्लं त्या उजेडाकडे तुरुतुरु धावली. आणि दूर, वाट चुकलेली एक होडी त्याच उजेडात किनाऱ्याकडे वळली.

बा काठावर उतरला. झाडांत दडलेलं घर त्याला दिसेचना. "आवडे! कुठे आहेस गं?"

"इकडे, बा!" आवडी रडत, हसत ओरडली. "पण पाय जपून टाक, पिल्लं आहेत!"